दारिद्र्याची रेषा आणि खडीचा ढीग

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच डोंगराच्या पूर्वेस, साठ-सत्तर मैलांवर, माण तालुक्यांत तो कसाबसा ५०० मिलिमीटरांच्या घरांत जातो. आणि तेवढा तरी दरवर्षीं पडेलच असा भरंवसा नसतो. कृष्णेच्या कांठीं ऊस आणि हळद. तर खटाव, माण, आटपाडी, जत, कवठे-महांकाळ या बाजूला माळ, मेंढरें आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेला बाजरीचा शेतकरी. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. परंतु जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा करण्यांत आला, व त्यालाच १९६० सालीं ‘सांगली’ हें नांव मिळालें. सुबत्ता आणि उपासमार इतकीं जवळजवळ नांदणारा दुसरा मुलूख विरळाच. म्हणूनच कीं काय, दारिद्र्य म्हणजे काय आणि त्यावर राज्यानें काय करावें, या प्रश्नांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारीं तीन माणसें याच मातींतून पुढें आलीं. एक, साताऱ्यास जन्मलेले प्रो. विनायक महादेव दांडेकर. दुसरे, त्याच जिल्ह्यांतील बुध या गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आणि तिसरे, तासगांव तालुक्यांत आपल्या कल्पनेचा प्रयोग करून दाखविणारे श्री. वि. स. पागे. पहिले दोघे संख्याशास्त्राचे पंडित, तिसरे लोकप्रतिनिधि. या तिघांच्या कार्याचा परस्परसंबंध हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दारिद्र्य मोजणें हा उद्योग प्रथमदर्शनीं निरर्थक वाटतो. भुकेल्याला आपण भुकेले आहों हें पंडितांनीं येऊन सांगावें लागत नाहीं. परंतु राज्यकारभाराची रीत निराळी आहे. तेथें ‘पुष्कळ लोक गरीब आहेत’ या वाक्याला कांहीं किंमत नाहीं; किती, कोठें आणि किती रुपयांनीं, एवढें सांगितल्यावांचून सरकारी दप्तराचें पान उलटत नाहीं. ज्याची मोजदाद नाहीं त्याची अंदाजपत्रकांत तरतूदहि नाहीं. आकडा हा गरिबाचा वकील आहे. मात्र वकील कच्चा निघाला तर अशिलाचें नुकसान होतें, हेंहि तितकेंच खरें.

हिंदुस्थानांत या वकिलीचा पाया दादाभाई नौरोजी यांनीं घातला. १८७६ सालीं वाचलेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं दर माणशीं वार्षिक उत्पन्न अवघें २० रुपये असल्याचें मांडलें, आणि त्याशेजारीं तुरुंगांतील कैद्याच्या पोटापाण्याचा खर्च ठेवला. कैद्यावर होणारा खर्च स्वतंत्र माणसाच्या सरासरी उत्पन्नाहून अधिक, ही ती तुलना होती. पुढें इंग्लंडमध्यें सीबोम राऊंट्री यानें यॉर्क शहराची घरोघर पाहणी करून १९०१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शरीर टिकविण्यास किती अन्न लागतें, तें बाजारभावानें किती पैशांना पडतें, आणि त्यांत भाडें, कपडे, सरपण यांची भर घातली म्हणजे किती मिळकत हवी, असा त्याचा हिशेब होता. याच पद्धतीनें इंग्लंडांतील एका खेड्याची पाहणी केलेले डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, आणि त्यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची तपासणी करून १९१७ सालीं ती छापली. जमिनीचे तुकडे किती झाले आहेत आणि बहुसंख्य खातेदारांचें पोट त्यांवर कसें भरत नाहीं, हें त्या पुस्तकानें दाखवून दिलें. दख्खनच्या शेतकऱ्याची गरिबी ही आळसामुळें कीं अपुऱ्या साधनांमुळें, या जुन्या वादाला त्यामुळें कांहीं तरी आधार मिळाला.

एकट्यादुकट्या पंडिताची ही हौस संस्थेचें काम झाली ती १९३० सालीं. साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनीं दिलेल्या देणगींतून पुण्यास भारत सेवक समाजाच्या आश्रयाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक प्रो. धनंजयराव गाडगीळ. ग्रंथालयांत बसून सिद्धान्त मांडण्यापेक्षां बाजारांत, गोठ्यांत आणि बांधावर जाऊन माहिती गोळा करावी, ही त्यांची शिस्त. संस्थेच्या आरंभींच्या पाहण्यांमध्यें सातारा जिल्ह्यांतील वाई तालुक्याच्या शेतीव्यवसायाची पाहणी आहे. ती १९४० सालीं प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या घरीं जमाखर्चाची वही नसते. त्याच्या तोंडून वर्षाचा हिशेब काढणें हें विहिरींत पडलेली घागर गळानें काढण्याइतकें धीराचें काम आहे. तें काम करणारी माणसें या संस्थेनें तयार केलीं.

प्रो. दांडेकर हे या परंपरेंतले. त्यांचा जन्म ६ जुलै १९२० चा. संख्याशास्त्राची विद्या घेऊन ते गोखले संस्थेंत आले, आणि १९६६ पासून १९८० पर्यंत त्यांनीं तिचें संचालकपद सांभाळलें. त्यांच्या आरंभींच्या कामांतील एक अहवाल शिक्षकवर्गानें विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा विषय होता सातारा जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षणांतील गळती आणि कुंठितता. हे दोन शब्द १९२९ च्या हार्टोग कमिटीनें रूढ केले होते. शिक्षण पुरें होण्यापूर्वींच मूल शाळा सोडून जातें ती गळती; एकाच इयत्तेंत तें वर्षानुवर्षें बसून राहतें ती कुंठितता. पहिलीच्या हजेरीपटावर नांवें भरपूर असतात आणि चौथीच्या पटावर थोडीं. हें प्रत्येक मास्तराला ठाऊक होतें. परंतु मधलीं मुलें कोठें गेलीं, कोणत्या वर्गांत अडलीं, याचा जिल्हाभर हिशेब मांडणें ही निराळी गोष्ट. शेळ्या राखावयास गेलेलें मूल मास्तराच्या दृष्टीनें गैरहजर असतें; संशोधकाच्या दृष्टीनें तें त्या घराच्या दारिद्र्याचा पुरावा असतें.

दुसरें काम कुळकायद्याचें. मुंबई राज्यांत १९४८ सालीं कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी प्रत्यक्षांत कशी झाली याची पाहणी प्रो. दांडेकर आणि श्री. खुदानपूर यांनीं केली. तिचा वृत्तांत १९५७ सालीं बाहेर आला. संरक्षण मिळालेलीं कुळें ‘स्वखुशीनें’ जमीन सोडून देत असल्याच्या नोंदी गांवोगांवच्या दप्तरांत सांपडल्या. ज्या जमिनीवर चूल पेटते ती जमीन माणूस स्वखुशीनें कशी सोडील, हा प्रश्न ती पाहणी वाचणाऱ्याच्या मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. कायदा करणें आणि कायदा लागू होणें यांत केवढें अंतर आहे हें या कामानें दाखविलें, आणि पुढील आयुष्यांत प्रो. दांडेकरांनीं कागदावरील योजनेवर कधीं आंधळा विश्वास टाकला नाहीं.

या सर्व तयारीचें फळ म्हणजे १९७१ सालीं प्रो. दांडेकर आणि त्यांचे सहकारी प्रो. नीळकंठ रथ यांनीं लिहिलेला ‘भारतांतील दारिद्र्य’ हा प्रबंध. त्याची मांडणी साध्या माणसालाहि कळावी अशी आहे. प्रौढ, मुलें, स्त्रिया, पुरुष सर्व मिळून सरासरीनें दर माणशीं रोज २,२५० उष्मांक, म्हणजे ज्यांना इंग्रजींत कॅलरी म्हणतात तेवढें अन्न हवें, असें त्यांनीं धरलें. मग घरगुती खर्चाच्या देशव्यापी पाहणीवरून त्यांनीं असें शोधून काढलें, कीं जें कुटुंब एवढें अन्न प्रत्यक्षांत खातें त्याचा एकंदर खर्च किती असतो. १९६०-६१ च्या भावांनीं तो खेड्यांत दर माणशीं महिना १४ रुपये २० पैसे आणि शहरांत २२ रुपये ६० पैसे निघाला. खेड्यापुरता हिशेब केला तर दिवसाला अठ्ठेचाळीस पैशांहूनहि कमी. त्यांत भाकरी आली, मीठ-मिरची आली, लुगडें आलें, दिव्याचें तेल आलें, औषधपाणीहि आलें. एवढी तुटपुंजी मर्यादा ठेवूनसुद्धां खेड्यांतील सुमारें ४० टक्के आणि शहरांतील सुमारें ५० टक्के लोक तिच्या खालीं सांपडले. शहरांतील गरिबी ही खेड्यांतील गरिबीचाच ओघळ आहे, असेंहि त्यांनीं म्हटलें. त्याहून बोचणारा निष्कर्ष पुढें होता. योजनांच्या दहा वर्षांत देशाची संपत्ति वाढली खरी. पण तळाच्या लोकांपर्यंत तिचा ओलावा पोंचला नव्हता, आणि शहरांतील अगदीं तळचे लोक तर आणखी खालावले होते.

उपायाविषयीं या दोघांनीं कोणाची भीड धरली नाहीं. जमिनीची फेरवांटणी केली तरी सर्वांना पुरेल इतकी जमीनच देशांत नाहीं. उद्योगधंदे वाढतील, पण गरिबाला तोंवर थांबतां येणार नाहीं. तेव्हां खेड्यांतून सार्वजनिक कामें मोठ्या प्रमाणावर काढून, काम मागेल त्याला मजुरी द्यावी, आणि त्यासाठीं लागणारा पैसा वरच्या सुखवस्तु वर्गानें आपल्या खर्चांतून काढून द्यावा, असा त्यांचा सल्ला होता.

आतां दुसऱ्या सातारकरांकडे वळावयास हवें. डॉ. सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. लंडन युनिव्हर्सिटींत त्यांनीं नमुना-पाहणीच्या शास्त्रांत मोठें काम केलें. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगांतील भुकेची मोजदाद करणारा हा गृहस्थ निवृत्तीनंतर पुण्यास आला, आणि त्यानें प्रो. दांडेकरांच्या रेषेलाच हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें, कीं २,२५० ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. एकाच माणसाचें खाणें आज कमी, उद्यां जास्त असतें, आणि शरीर त्याप्रमाणें स्वतःला सांवरून घेतें. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरविला तर निरोगी माणसेंहि त्या यादींत येतील. म्हणून रेषा बरीच खालीं आणली पाहिजे. शिवाय, पाणी दूषित असेल आणि पोटांत जंत असतील तर खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. तेव्हां नुसत्या धान्यापेक्षां स्वच्छ पाणी व आरोग्य यांकडे लक्ष द्यावें. प्रो. दांडेकरांनीं उत्तर दिलें, कीं दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसाचें शरीर थोडक्यांत भागवावयास शिकलें तो तेवढ्यामुळें गरीब नाहीं असें ठरत नाहीं. १९८१ च्या सुमारास या दोघांचा वाद विद्वानांच्या नियतकालिकांतून चांगलाच रंगला.

वाद केवळ आंकडेमोडीचा नव्हता. रेषा थोडी वर धरली तर कोट्यवधि माणसें गरीब ठरतात. थोडी खालीं ओढली तर तींच माणसें, त्याच झोंपडींत, तीच भाकरी खात असतां, गरीब राहत नाहींत. पेन्सिलीच्या एका रेघेनें सरकारची जबाबदारी निम्म्यावर येऊं शकते. डॉ. सुखात्मे यांचा हेतु सरकारची सुटका करण्याचा नव्हता. पिण्याच्या पाण्याविषयीं त्यांनीं सांगितलेली गोष्ट आजहि मोलाची आहे. तरीहि प्रश्न उरतोच: ज्याच्याविषयीं हें सर्व चाललें आहे त्याला विचारतो कोण?

याचें उत्तर कोणत्याहि प्रबंधांत नव्हतें. तें सांगली जिल्ह्यांत, तासगांव तालुक्यांतील विसापूरच्या परिसरांत सांपडलें. महाराष्ट्र विधान परिषदेचे अध्यक्ष (१९६० ते १९७८) श्री. वि. स. पागे यांच्या सूचनेवरून तेथें १९६५ सालीं एक प्रयोग सुरू झाला. काम मागावयास येईल त्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचें काम द्यावयाचें. तो गरीब आहे कीं नाहीं याचा दाखला मागावयाचा नाहीं. ज्याच्या घरीं दाणे आहेत तो भर उन्हांत खडी फोडावयास येणार नाहीं. जो येतो तो आपली गरज घेऊनच येतो. रेषा कोठें ओढावी हा पंडितांचा पेंच येथें सुटला, कारण ती रेषा गरीब स्वतःच्या पायांनीं चालत येऊन ओढूं लागला.

पुढें लागोपाठ दुष्काळ पडले. १९७२-७३ चें साल महाराष्ट्रांतील म्हातारीं माणसें अजून विसरलेलीं नाहींत. सुकडी, परदेशांतून आलेला तांबडा मिलो, आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास मजूर होते. माण, जत, आटपाडी यांसारख्या तालुक्यांत तर कामावर कोण गेलें यापेक्षां कोण गेलें नाहीं हें मोजणें सोपें होतें. रोजगार हमी योजना १९७२ सालीं राज्यभर जाहीर झाली होती. दुष्काळ ओसरल्यावर तिला जोर आला, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत तें मिळालें पाहिजे. न मिळाल्यास रोज निदान एक रुपया भत्ता दिला पाहिजे. दुष्काळी काम ही सरकारची दया होती. हमीचें काम हा मजुराचा हक्क झाला. या दोहोंतील फरक जो जाणील त्यालाच या कायद्याची थोरवी कळेल.

पैशाची व्यवस्थाहि विचार करण्याजोगी होती. १९७५ च्या कायद्यानें नोकरदार आणि धंदेवाले यांच्यावर व्यवसायकर बसला, आणि अशा करांतून जमेल तेवढीच रक्कम राज्यानें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. मुंबईच्या कचेरींत कारकुनाच्या पगारांतून कापलेला रुपया जतच्या माळावर पाझर तलावाच्या मातीला लागूं लागला. सुखवस्तु वर्गानें आपल्या खर्चांतून कांहीं द्यावें, ही जी गोष्ट प्रो. दांडेकर व प्रो. रथ यांनीं सुचविली होती, तिच्याशीं या व्यवस्थेचें नातें उघड आहे.

ही योजना चालू लागल्यावर संशोधकाचें काम संपलें नाहीं. उलट तेथेंच त्याला पुन्हां बोलावणें आलें. प्रो. दांडेकरांच्या पत्नी श्रीमती कुमुदिनी दांडेकर या स्वतः लोकसंख्याशास्त्राच्या नामवंत अभ्यासक. त्यांनीं कामांवर जाऊन मजुरांची पाहणी केली, आणि १९८० सालीं श्रीमती साठे यांच्यासह तिचे निष्कर्ष छापले. कामावर आलेले बहुतांश लोक खरोखरच दारिद्र्यरेषेखालचे होते. म्हणजे पंडितांची रेषा आणि मजुराचे पाय एकाच ठिकाणीं येऊन थांबले होते. या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येनें आल्या. १९८३ सालीं श्रीमती दांडेकरांनीं त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. काम घरापासून जवळ आणि मजुरी कामाच्या मापावर, बाई-बुवा असा भेद न करतां. हीं त्यांना आकर्षणें होतीं. सावकाराच्या दारीं न जातां पोळ्याला किंवा पंचमीला लेकरांच्या अंगावर कपडा घालतां आला, तर त्या बाईच्या दृष्टीनें अर्थशास्त्र तेवढेंच.

प्रो. रथ यांनींहि पुढें १९८५ सालीं एका दुसऱ्या योजनेची परीक्षा घेतली. गरिबाला कर्जानें म्हैस किंवा शेळ्या देऊन स्वतःच्या पायांवर उभें करावें, अशी ती केंद्र सरकारची योजना. म्हैस आली, पण वैरण कोठून आणावी आणि दूध कोठें घालावें याचा विचार मागें राहिला. थोड्याच कुटुंबांना अशा मदतीनें वर येतां येतें. बाकीच्यांना मजुरीचा भरंवसा हवा, हें त्यांचें म्हणणें होतें. गरिबाला ऐपतदार करण्याच्या घाईंत त्याच्या डोक्यावर कर्ज चढवूं नये, एवढा बोध तर कोणालाहि घेतां येईल.

हमीच्या योजनेचे दोषहि सांगितले पाहिजेत. मजुरी वेळेवर मिळत नसे. हजेरीपटावर खोटीं नांवें चढत. अर्धवट राहिलेले रस्ते पहिल्या पावसांत वाहून जात. बेकारी भत्ता प्रत्यक्ष मिळाल्याचीं उदाहरणें विरळाच. त्याहून मोठी उणीव तत्त्वांतच होती. अंगांत बळ असेल त्यालाच ही हमी. थकलेली म्हातारी, आजारी गडी, बाळंतीण यांच्या दारिद्र्याची दाद हातोड्याच्या कसोटींत लागत नाहीं. जो खडी फोडावयास आला तो गरीब, हें खरें. परंतु जो आला नाहीं तो गरीब नाहीं, हें खरें नव्हे. येथें पुन्हां घरोघर जाऊन मोजणाऱ्या माणसाची गरज लागते. मोजणी आणि मजुरी यांनीं एकमेकींची उणीव भरून काढावयाची असते.

प्रो. दांडेकरांनीं हें काम पुढेंहि सोडलें नाहीं. पीकविम्याची भरपाई एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर न ठरवितां सबंध टापूच्या उत्पन्नावरून ठरवावी, ही त्यांची पद्धति १९७९ सालच्या प्रयोगांत स्वीकारली गेली. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांचा विकासांतील अनुशेष मोजणाऱ्या १९८४ च्या समितीचे ते अध्यक्ष होते. ३० जुलै १९९५ रोजीं ते निवर्तले. श्री. पागे १९९० सालींच गेले होते, डॉ. सुखात्मे १९९७ सालीं गेले. महाराष्ट्राच्या हमीचा धागा धरून भारताच्या संसदेनें २००५ सालीं ग्रामीण रोजगाराची हमी देणारा कायदा केला, आणि दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला. विसापूरच्या परिसरांत सुरू झालेली गोष्ट देशभर गेली, तेव्हां या तिघांपैकीं कोणीहि ती पाहावयास नव्हता.

दारिद्र्याचा अभ्यास हा आयुष्यभराचा व्यवसाय करूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं या इतिहासांतून काय घ्यावें? पहिलें, पाहणीसाठीं पायपीट करावी. वाई तालुक्याचा बांध आणि साताऱ्याच्या शाळेचा पट यांतून पुढें देशाचा प्रबंध उभा राहिला. दुसरें, आपल्या आंकड्याला हरकत घेणाऱ्याचें नीट ऐकावें; तो आपल्याच गांवचा असला तरी भीड धरूं नये, आणि त्याची खरी गोष्ट नाकारूं नये. तिसरें, आणि सर्वांत महत्त्वाचें, आंकडा काढून तो कपाटांत ठेवूं नये. ज्यांना मोजलें त्यांचें ऋण मोजणाऱ्याच्या डोक्यावर असतें. ज्या बाईनें चुलीपुढें बसून, हातांतलें काम थांबवून, महिन्याचें मीठ किती आणि तेल किती हें परक्या माणसाला सांगितलें, तिला त्या उत्तराचा उपयोग झाला पाहिजे. तो झाला तर ती पाहणी सार्थकीं लागली. नाहीं तर गरिबाचा तेवढा वेळहि आपण फुकट घेतला, असेंच म्हणावें लागेल.